बातमीदाराचे आडनाव

बारामतीहून नीरेकडे जाताना माळेगावचा साखर कारखाना मागे पडला की पुढे पणदरे लागते. नीरा डाव्या कालव्याचे पाणी, दोन्ही बाजूंना ऊस आणि हंगामात रस्ता अडवून चालणाऱ्या बैलगाड्या, हे आमच्या लहानपणीचे चित्र. अब्बांचे शिलाईचे छोटेसे दुकान होते आणि दुकानात रोज एक मराठी वर्तमानपत्र येई. आधी अब्बा वाचत, मग कपडे टाकायला आलेले गिऱ्हाईक, मग शेजारचा सायकल दुकानवाला. संध्याकाळपर्यंत त्या पेपरची घडी पार मोडलेली असे. दुसऱ्या दिवशी त्याच कागदावर सदऱ्याचा गळा आणि बाह्या बेतल्या जात.

अब्बा मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले होते. कुरआन अरबीत पढत, घरात दखनी बोलत आणि जगाची खबर मराठीतून घेत. उर्दू त्यांना वाचता येत नव्हते. आमच्या भागातल्या मुलाणी, तांबोळी, आतार, बागवान, शिकलगार अशा बहुतेक घरांत आजही थोड्याफार फरकाने असेच आहे. एके दिवशी मशीन थांबवून त्यांनी मला सहज विचारले, "इसमें अपनेमेंका कोई लिखता क्या रे?"

मी तेव्हा सातवीत असेन. मोठ्या उत्साहाने सगळी पाने चाळली. मुसलमान नावे तीन ठिकाणी सापडली. एक गुन्ह्याच्या बातमीत, एक ईदच्या फोटोखाली आणि एक क्रिकेटच्या पानावर. लिहिणाऱ्यांत मात्र एकही नव्हते. संपादक, उपसंपादक, 'आमच्या वार्ताहराकडून' या ओळीमागचा तो न दिसणारा माणूस, यांपैकी कुणीही 'आपल्यातला' असेल अशी खूण कुठेच नव्हती. अब्बांनी "अच्छा" म्हटले आणि मशीन पुन्हा सुरू केली.

अब्बांचा तो प्रश्न साधा होता, पण त्यामागे मराठी पत्रकारितेचा जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो प्रश्न एकट्या मुसलमानांचाही नाही. आपल्या आधी अनेकांनी तो विचारला आहे आणि काहींनी त्याचे उत्तर म्हणून स्वतःचे छापखाने घातले आहेत.

आरसा कुणाच्या हातात?

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. मराठी पत्रकारितेचा आरंभ आपण तिथून धरतो. एका स्तंभात मराठी आणि दुसऱ्यात इंग्रजी, अशी त्याची रचना होती. पुढे 'प्रभाकर' आले, 'ज्ञानोदय' आले, पुण्यात 'ज्ञानप्रकाश' निघाले. ४ जानेवारी १८८१ रोजी 'केसरी' सुरू झाला. या पत्रांचे मराठी समाजावर मोठे उपकार आहेत. सामाजिक सुधारणेची चर्चा, इंग्रजी राजवटीची चिकित्सा आणि मराठी गद्याची घडण या सगळ्यांत त्यांचा वाटा आहे. मात्र ती चालवणारी माणसे बहुतांशी एकाच थरातली होती. इंग्रजी शिकलेला, शहरात राहणारा, उच्चवर्णीय पुरुष हाच लिहिणारा आणि पुष्कळदा वाचणाराही तोच.

याला कट म्हणण्याचे कारण नाही. ज्यांच्याकडे अक्षर होते त्यांच्याकडे वर्तमानपत्र आले. पण आरसा ज्याच्या हातात असतो, त्याला आधी त्याचाच चेहरा दिसतो. शेतकऱ्याचे कर्ज, गिरणीतल्या मजुराचे चौदा तास, महारवाड्यातला पाण्याचा प्रश्न हे विषय त्या आरशात आले तरी दुरून आले.

सत्यशोधकांनी हे फार लवकर ओळखले. कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात 'दीनबंधु' सुरू केले. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत नेले आणि गिरणी कामगारांच्या हालअपेष्टांना त्यात जागा मिळाली. पुढे संपादक वासुदेवराव बिर्जे यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी तानुबाई बिर्जे यांनी 'दीनबंधु'चे संपादकपद सांभाळले. एका बहुजन स्त्रीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी पत्राची संपादक व्हावे, ही घटना आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवी होती.

याच 'दीनबंधु'ची दुसरी एक हकीकत सांगितली पाहिजे. महात्मा फुले यांचे 'शेतकऱ्याचा असूड' त्यात छापायला घेतले होते. पहिली दोन प्रकरणे आली आणि पुढचे छापणे थांबले. सरकारची भीती होती. फुल्यांना याचा राग आला आणि तो त्यांनी लपवला नाही. म्हणजे आपल्या माणसाच्या हाती पत्र असले की सगळे छापून येते, असे नाही. माणूस आपला असणे आणि माणूस निर्भीड असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संपादकाच्या खुर्चीला दोन्ही लागतात.

भालेकरांचेच पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये 'दीनमित्र' पुन्हा सुरू केले. हे साप्ताहिक शहरातून निघत नव्हते. नगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात, आधी सोमठाणे आणि मग तरवडी या खेड्यातून ते चालले, तेही अर्धशतकाहून अधिक काळ. खेड्यातून मराठी पत्र निघू शकते, हे त्यांनी करून दाखवले. पणदऱ्यासारख्या गावात बसून लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला तरवडीचे नाव म्हणूनच मोठे वाटते.

न छापलेली जाहिरात

दलितांच्या पत्रांचा इतिहास याहून खडतर आहे. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये पुण्यात 'सोमवंशीय मित्र' काढले आणि मुरळी प्रथेविरुद्ध मोहीम चालवली. नागपूरकडे किसन फागूजी बनसोडे एकामागून एक पत्रे काढत राहिले. पैसा संपला की पत्र बंद, थोडा जमला की नवे पत्र, असा तो क्रम होता.

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केले. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असल्याने संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. 'मूकनायक' निघत असल्याची जाहिरात पैसे घेऊन छापण्याची विनंती 'केसरी'ला करण्यात आली होती. ती छापली गेली नाही. पुण्यातल्या सर्वांत मोठ्या मराठी पत्रात रकान्याची जागा दाम मोजूनही मिळाली नाही.

पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी त्या काळच्या पत्रांवर नेमके बोट ठेवले. बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचे हित पाहतात, इतरांची पर्वा त्यांना नसते, असे त्यांचे म्हणणे होते. आणि समाजाचा एक भाग खाली गेला तर उरलेल्यालाही त्याची झळ बसल्याशिवाय राहत नाही, हे त्यांनी बोटीतल्या प्रवाशांचा दाखला देऊन समजावले. ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' निघाले. त्याचे चोवीस चोवीस रकाने बाबासाहेबांना जवळजवळ एकट्याने भरून काढावे लागत. पुढे 'जनता' आणि शेवटी १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'.

या सगळ्या पत्रांना एक दुखणे समान होते. वर्गणीदार गरीब आणि जाहिरातदार नाहीत. म्हणून ती निघाली आणि बंद पडली. याचा परिणाम आपण आजही भोगतो. पर्यायी पत्रे टिकली नाहीत, आणि टिकली त्या मोठ्या पत्रांत या समाजांतल्या माणसांना जागा नव्हती. दोन्ही दारे बंद झाली.

मराठी मुसलमान या इतिहासात कुठे होता? मुंबईत मुसलमानांची पत्रे निघाली ती मुख्यतः उर्दूत. अब्दुल हमीद अन्सारी यांनी १९३८ मध्ये सुरू केलेले 'इन्किलाब' त्यांतले सर्वांत माहितीचे नाव. पण कोकणातला, मराठवाड्यातला, देशावरचा मराठी बोलणारा मुसलमान त्या पत्रांचा वाचक फार कमी प्रमाणात होता. मराठी दैनिकात काम केलेल्या मुसलमानांत चटकन आठवणारे नाव म्हणजे चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई. ते आचार्य अत्रे यांच्या 'मराठा'त होते. दलवाईंची मते आपल्यातल्या अनेकांना मान्य नाहीत, आणि त्यावर भांडण होत राहील. पण एक गोष्ट पाहा. मराठी पत्रकारितेतला मुसलमान म्हटले की पन्नास-साठ वर्षांनंतरही आपण त्याच एका नावाशी येऊन थांबतो. एकाच माणसाला सगळ्या समाजाचे प्रतिनिधित्व करावे लागणे हे त्या माणसावरही अन्यायाचे असते आणि समाजावरही.

१९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. फ. म. शहाजिंदे अध्यक्ष होते. आम्ही मराठीत लिहितो, मराठीत विचार करतो, हे त्या व्यासपीठावरून जाहीरपणे सांगितले गेले. कवी, कथाकार, संशोधक पुढे आले. बातमीदार मात्र त्या प्रमाणात आले नाहीत.

अमेरिकेत मोजले, मग दिल्लीत मोजले

'दर्पण'च्या पाच वर्षे आधी, १८२७ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये 'फ्रीडम्स जर्नल' नावाचे साप्ताहिक निघाले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी स्वतः काढलेले ते पहिले पत्र. आमच्या वतीने इतरांनी आजवर खूप बोलून झाले, आता आमचे आम्ही बोलू, असा त्याचा सूर होता. पण मोठ्या गोऱ्या दैनिकांची दारे पुढची सव्वाशे-दीडशे वर्षे जवळजवळ बंदच राहिली.

१९६७ च्या उन्हाळ्यात अमेरिकन शहरांत दंगली पेटल्या. कारणे शोधायला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी कर्नर आयोग नेमला. १९६८ च्या अहवालात आयोगाने वर्तमानपत्रांवर एक पूर्ण प्रकरण लिहिले. संपादकीय कामात कृष्णवर्णीय पाच टक्क्यांहूनही कमी आहेत, संपादक आणि वरिष्ठ पदांवर एक टक्काही नाहीत, आणि त्यामुळे माध्यमे गोऱ्या माणसाच्या जगातूनच सगळ्याकडे पाहतात, असे आयोगाने म्हटले. दंगलीचे कारण शोधणारा आयोग वृत्तपत्राच्या कचेरीत जाऊन पोहोचला, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या वस्तीत आपला एकही माणूस नाही, तिथे काय खदखदते आहे, हे त्या दैनिकांना आग लागेपर्यंत कळले नव्हते.

१९७८ मध्ये तिथल्या वृत्तपत्र संपादकांच्या संघटनेने दरवर्षी मोजणी करायचे ठरवले. पहिल्या मोजणीत सर्व अल्पसंख्य वंशांचे मिळून पत्रकार ३.९५ टक्के निघाले. २००० सालापर्यंत लोकसंख्येइतके प्रमाण गाठायचे, असे उद्दिष्ट ठेवले गेले. २००० साल उजाडले तेव्हा आकडा बारा टक्क्यांच्या आसपास होता आणि लोकसंख्येतला वाटा त्याच्या दुपटीहून जास्त. उद्दिष्ट २०२५ वर ढकलले गेले. अपयश तर होतेच. तरी त्यांनी आकडे मोजले आणि दरवर्षी स्वतःच छापले.

आपल्याकडे हा प्रश्न एका अमेरिकन पत्रकारामुळेच ऐरणीवर आला. 'वॉशिंग्टन पोस्ट'चे दिल्लीतील प्रतिनिधी केनेथ कूपर हे स्वतः कृष्णवर्णीय. त्यांना एका दलित पत्रकाराशी बोलायचे होते. त्यांनी ज्येष्ठ पत्रकार बी. एन. उनियाल यांच्याकडे विचारणा केली. उनियाल यांना तीस वर्षांच्या कारकिर्दीत भेटलेला एकही दलित पत्रकार आठवेना. मग त्यांनी केंद्र सरकारची अधिस्वीकृती असलेल्या ६८६ पत्रकारांची यादी काढली. त्यांतल्या ४५४ जणांच्या आडनावांवरून जात कळत होती आणि त्यांत एकही दलित नव्हता. उरलेल्या २३२ पैकी ४७ जणांना त्यांनी फोन केले. तिथेही एकही नाही. नोव्हेंबर १९९६ मध्ये 'पायोनियर'मध्ये त्यांनी हे लिहिले, तेव्हा स्वातंत्र्याला एकोणपन्नास वर्षे झाली होती.

दहा वर्षांनी, २००६ मध्ये, योगेंद्र यादव, अनिल चमडिया आणि जितेंद्र कुमार यांनी दिल्लीतल्या ३७ राष्ट्रीय माध्यम संस्थांमधल्या ३१५ निर्णय घेणाऱ्या पदांची पाहणी केली. ७१ टक्के जागांवर उच्चवर्णीय हिंदू पुरुष होते. ओबीसी ४ टक्के, मुसलमान ३ टक्के. दलित आणि आदिवासी शून्य. त्याच वर्षी सच्चर समितीचा अहवाल आला. मुसलमान शिक्षणात, नोकरीत, बँकेच्या कर्जात कुठे आहे, हे सच्चर समितीने सांगितले आणि ती बातमी लिहायला कोण बसले आहे, हे या पाहणीने सांगितले. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्रीने पुन्हा पाहिले. माध्यमांतल्या १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ उच्चवर्णीयांकडे होती आणि अनुसूचित जाती-जमातींचा एकही माणूस तिथे नव्हता.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुसलमान ११.५४ टक्के आहेत, म्हणजे १ कोटी २९ लाखांच्या आसपास. अनुसूचित जाती ११.८ टक्के आणि आदिवासी ९.४ टक्के. तिघे मिळून राज्याची जवळजवळ एक तृतीयांश लोकसंख्या होते. आपापल्या घरी येणाऱ्या मराठी दैनिकातली बातम्यांवरची नावे आठवडाभर नोंदवून पाहा आणि हा आकडा शेजारी ठेवा. उनियाल यांनी केले ते यापेक्षा फार वेगळे नव्हते.

'फतवा', 'पठाणी' आणि 'विशिष्ट समाज'

कुणी म्हणेल, बातमी ही बातमी असते, लिहिणाऱ्याच्या आडनावाने काय फरक पडतो? फरक कसा पडतो ते रोजच्या मराठी मथळ्यांत दिसते.

'फतवा' हा शब्द घ्या. कुणी विचारलेल्या धार्मिक प्रश्नावर मुफ्तीने दिलेले मत म्हणजे फतवा. ते मत आहे, हुकूम नाही, आणि न पाळणाऱ्याला शिक्षा देण्याचा अधिकार मुफ्तीला नाही. मराठी वर्तमानपत्रात मात्र कुलगुरूंनी परिपत्रक काढले तरी तो 'फतवा', गटशिक्षणाधिकाऱ्याने हजेरी सक्तीची केली तरी तो 'फतवा'. व्याजाची जुलमी वसुली ही 'पठाणी वसुली', कारभार बिघडला की 'मोगलाई', शिस्त कडक झाली की 'तालिबानी'. मुसलमान वाचक हे वाचतो आणि गप्प बसतो. लिहिणाऱ्याच्या मनात द्वेष असतोच असे नाही. डेस्कवर शेजारच्या खुर्चीत एखादी तांबोळी किंवा शेख बसलेली असती, तर ती एवढेच म्हणाली असती, "अहो, या शब्दाचा अर्थ तसा नाही." वाक्य दुरुस्त झाले असते. शेजारची ती खुर्ची रिकामी आहे.

मोहरमच्या 'हार्दिक शुभेच्छा' छापून येतात, तेही असेच. करबलाच्या शोकाचे दिवस ज्यांना माहीत आहेत असा एकही माणूस त्या पानावरून नजर फिरवत नाही. मी एकदा एका कचेरीला याबद्दल पत्र लिहिले होते. पत्र आले नाही, दुसऱ्या वर्षी शुभेच्छा आल्या.

यात विचित्र गोष्ट ही, की मराठी वृत्तपत्राची भाषा आपल्या शब्दांनीच भरलेली आहे. मजकूर, जाहिरात, तारीख, हकीकत, खबर, हे सगळे अरबी-फारसीतून आलेले शब्द. शिवरायांच्या अष्टप्रधानांतल्या वाकनीसाचे पदनामही फारसी 'वाकिआनवीस'वरून आलेले, म्हणजे घडामोडी लिहून ठेवणारा. शब्द कचेरीत पोहोचले आणि चारशे वर्षे तिथेच राहिले. माणसे अजून दाराशी आहेत.

शब्दांची चूक परवडते. माणसांच्या बाबतीतली चूक फार महागात पडते. ८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगावात बॉम्बस्फोट झाले. नऊ मुसलमानांना अटक झाली. त्यांची नावे पहिल्या पानावर, आरोपी म्हणून कमी आणि दहशतवादी म्हणून जास्त, छापली गेली. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर त्यांच्यातला एकजण मरण पावला होता. आमच्या माळेगावचा 'ळ' आणि तिकडच्या मालेगावचा 'ल', एवढ्याच अक्षराचा फरक. पण त्या वर्षी एस.टी.त शेजारी बसलेला माणूस गाव विचारायचा आणि मी 'माळेगावजवळ' म्हणताना 'ळ'वर जरा जास्तच जोर द्यायचो.

२०२० च्या टाळेबंदीत तबलिगी जमातीवरून काय झाले ते सर्वांना आठवत असेल. भाजी विकणाऱ्या बागवानाला गावात येऊ नको म्हणण्यापर्यंत त्या बातम्यांची मजल गेली. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नगर जिल्ह्यातल्या प्रकरणात २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा बनवले गेले आणि छापील व दूरचित्रवाणी माध्यमांनी मोठा अपप्रचार केला, असे न्यायालयाने निकालात नोंदवले. एप्रिलमध्ये महिनाभर पहिले पान व्यापणाऱ्या विषयाचा निकाल ऑगस्टमध्ये कोणत्या पानावर, किती जागेत आला, ते ज्याने-त्याने आपापल्या पेपरात पाहिले आहे. बातमीचे पान ठरवायला बसलेल्या माणसांत त्या बागवानाला ओळखणारा कुणी असता, तर कदाचित तिला वेगळी जागा मिळाली असती.

तालुक्याचा वार्ताहर

पुण्यात 'सकाळ' सुरू करणारे डॉ. ना. भि. परुळेकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकले होते, बाबासाहेब शिकले त्याच विद्यापीठात. १ जानेवारी १९३२ पासून त्यांनी 'मतांपेक्षा बातमी' या पद्धतीने दैनिक चालवले आणि गावोगाव वार्ताहर नेमायची प्रथा रुजवली. बारामती-इंदापूरसारख्या तालुक्यांतली खबर दैनिकात येऊ लागली ती अशा वार्ताहरांमुळे. आज प्रत्येक मोठ्या मराठी दैनिकाचे असे जाळे आहे.

हे जाळे चालते कसे? गावचा वार्ताहर बहुधा पगारी नसतो. मानधन जुजबी, कधी छापून आलेल्या मजकुराच्या मापावर. वाढदिवस, दिवाळी, निवडणूक आली की त्याला जाहिराती आणाव्या लागतात आणि खरी मिळकत त्या कमिशनची. जाहिरात देणार कोण? कारखान्याचा संचालक, पतसंस्थेचा अध्यक्ष, दूध संघाचा पदाधिकारी. म्हणजे ज्याची अशा माणसांत ऊठबस आहे, तोच वार्ताहर म्हणून टिकतो. जागा निघाली तर तिची जाहिरात येत नाही. सध्याचा वार्ताहर आपल्या ओळखीतला मुलगा सुचवतो, आणि ओळखीतला मुलगा बहुधा आपल्याच भावकीतला असतो. कुणाला वगळायचे असे कुणी ठरवत नाही. तरी शिंप्याचा, मुलाण्याचा, पारध्याचा पोरगा त्या रांगेत येत नाही.

बातमी तालुक्यातून जिल्ह्याला जाते, तिथून पुण्याच्या डेस्कवर. मधे चार-पाच ठिकाणी कुणीतरी ठरवतो, हे घ्यायचे आणि हे टाकायचे. चारही ठिकाणी सारखीच माणसे असतील, तर एकाला न दिसलेले दुसऱ्यालाही दिसत नाही. इंदापूरच्या चांदशावली दर्ग्याच्या उरुसात गर्दी करणारी हिंदू-मुसलमान माणसे वर्षातून एकदा फोटोत येतात. त्याच माणसांचा ऊसतोडीचा दर, पोरांची शिष्यवृत्ती, रेशनकार्ड वर्षभर कुठे येत नाही.

आणि एखादा मुसलमान मुलगा कचेरीत शिरलाच, तर त्याच्या वाट्याला काय येते? रमजानची पुरवणी, हजची बातमी, तलाकवरची प्रतिक्रिया. कालव्याच्या आवर्तनावर किंवा साखरेच्या भावावर त्याला कुणी लिहायला सांगत नाही. अशा नेमणुकीने यादीत एक नाव वाढते, बाकी काही बदलत नाही. त्याने पाण्यावर, अर्थसंकल्पावर, कुस्तीवरही लिहिले पाहिजे, आणि ईदची बातमी कुलकर्णी किंवा जाधव यांनीही नीट लिहिली पाहिजे.

आपली बाजू

दुसऱ्याकडे बोट दाखवून झाले. आता थोडे आपल्याकडे.

मुलगा हुशार निघाला की आपण त्याला डी.एड., आय.टी.आय., फार्मसी किंवा आखाताकडे पाठवतो. पत्रकारितेचे नाव काढले की घरातून विचारणा होते, "उसमें क्या मिलनेवाला है?" विचारणे चूक नाही, कारण खरेच फारसे मिळत नाही. पण परिणाम हा होतो की आपल्यावर कुणी काही वाईट लिहिले की आपण चिडतो आणि लिहिणाऱ्या जागेवर आपले कुणी पाठवत नाही. मुलींचा तर विचारही होत नाही. तानुबाई बिर्जेंनी शंभर वर्षांपूर्वी जे केले, ते करायला आपल्या किती मुलींना घरून परवानगी मिळेल?

मुसलमानांतही सगळे सारखे नाहीत. शहरातला उर्दू बोलणारा शिकलेला वर्ग 'मुस्लिम मत' म्हणून पुढे येतो. खेड्यातला पिंजारी, मदारी, शिकलगार तिथेही मागे असतो. कचेरीत एक मुसलमान घेतला म्हणजे सगळे मुसलमान आले, असे समजणे म्हणजे एक हिंदू घेतला म्हणजे सगळे हिंदू आले, असे समजण्यासारखे आहे.

मार्ग नाही असे मात्र नाही. बुंदेलखंडात २००२ पासून 'खबर लहरिया' चालते. दलित आणि ग्रामीण स्त्रियांनी चालवलेले हे पत्र. रस्ता, हातपंप, बलात्कार, खाणी, सगळ्यावर त्या लिहितात आणि आता मोबाईलवर बातम्या करतात. मोठ्या भांडवलाशिवाय त्यांनी बातमीदारी शिकून घेतली. आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात दहा मुले-मुली बातमी लिहायला शिकली, तर काही वर्षांत त्यांना टाळणे अवघड होईल. दैनिकांनीही आपल्या कचेऱ्यांतले आकडे मोजून छापायला हवेत. कारखान्याच्या संचालक मंडळात कोणत्या गटाचे किती, हे जी पत्रे चवीने छापतात, त्यांनी स्वतःच्या संपादक मंडळाचेही तेवढेच सांगावे.

आमच्या आळीतला एक मुलगा दोन वर्षांपासून तालुक्याच्या पानासाठी बातम्या देतो. मधे शेजारच्या एका गावात चहाच्या गाड्यावर मारामारी झाली. उधारीचा वाद होता. मारणारा एका धर्माचा, मार खाणारा दुसऱ्या. संध्याकाळपर्यंत मोबाईलवर 'विशिष्ट समाजाच्या जमावाने' वगैरे सुरू झाले. हा पोरगा मोटारसायकलवर तिथे गेला, दोन्ही घरांत बसला, हवालदाराशी बोलला आणि 'उधारीच्या वादातून हाणामारी, दोघे जखमी' अशी सात ओळींची बातमी दिली. ती तशीच छापून आली. गावात दुसऱ्या दिवशी बाजार नेहमीसारखा भरला.

त्या बातमीवर त्याचे नाव नव्हते. 'वार्ताहर' एवढेच होते. अब्बा आता नाहीत, दुकानही नाही. पण तो पेपर मी घडी घालून ठेवला आहे.